झाडावरचे मार्क

महिपतीचा हात मोडला तो जांभळीवरून पडून, आणि तोही हंगामाच्या दुसऱ्याच दिवशी. जांभळीचं लाकूड मोठं दगाबाज. आंब्याची फांदी आधी करकरते, माणसाला मागं सरायला वेळ देते. जांभळीची फांदी काही न बोलता मोडते. वीस वर्षं झाडावर चढणाऱ्या माणसाला हे सांगायला नको होतं; पण शेंड्याला घोस चांगला दिसला आणि महिपती एक पाऊल जास्त टाकून बसला. कोपरापासून मनगटापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे. अंबरनाथच्या कंपनीनं रजा दिली. जांभळी कुठली रजा देतात?

शिरगावच्या नव्या इमारती जिथं संपतात, त्याच्या पलीकडच्या उतारावर त्यांच्या नऊ जांभळी होत्या. भाताचं रान केव्हाच बिल्डरांकडे गेलं होतं; उतार तेवढा राहिला, कारण उतारावर इमारत बांधणं महाग पडतं. वर्षभर कंपनीचा पगार आणि वैशाखाच्या शेवटी तीन आठवडे जांभळं, असं घर चालत होतं. जांभूळ आज पिकतं आणि उद्या खाली पडून फुटतं. त्याला थांब म्हणता येत नाही.

म्हणून तिसऱ्या दिवशी पहाटे संजीवनी झाडावर चढली. अठरा वर्षांची पोर, बारावी झालेली, बापाची जुनी पँट कमरेला ओढणीनं आवळलेली. गळ्यात झोळी, हातात बांबूची आकडी, कमरेला दोर. शेजारची बनूबाई खाली पडलेली वेचायला आली होती, तिनं वर बघून नाक मुरडलं.

"रखमे, पोरीची जात झाडावर चढवलीस?"

"फांदीला काय कळतंय पोरगा हाय का पोरगी?" संजीवनीची आई रखमाबाई म्हणाली. "तिला वजन कळतं. बापापरीस ही वीस किलोनं कमी हाय."

बनूबाई परत वेचायला वाकली. रखमाबाईशी बोलून जिंकलेलं माणूस त्या वाडीत अजून जन्माला यायचं होतं.

संजीवनी बुंध्याच्या जवळ पाय ठेवून, आकडीनं फांदी आपल्याकडे ओढून एकेक घोस खुडायची. झोळी भरली की दोरानं खाली सोडायची. खाली रखमाबाई पिकलेली, कच्ची, डागी वेगळी करायची आणि पाटीत जांभळीचीच पानं घालून थर लावायची. दहा वाजेपर्यंत दोघींचे हात कोपरापर्यंत जांभळे. साबण लावा, चिंच लावा, हंगाम संपेपर्यंत तो रंग जात नाही.

त्याच दिवशी साडेनऊच्या सुमारास वर फोन वाजला. मेल आला होता. संजीवनीनं तो फांदीवर बसूनच वाचला, फोन खिशात ठेवला, राहिलेला घोस खुडला आणि अर्ध्या तासानं उतरून मग सांगितलं. पुण्याच्या विद्यापीठानं मुलाखतीला बोलावलं होतं. संख्याशास्त्राचा पाच वर्षांचा कोर्स, देशभरातून चाळीसच पोरं घ्यायचे. राहणं, जेवण, शिकणं सगळं विद्यापीठाकडे. लेखी परीक्षेतून तीनशे जणांना बोलावलं होतं. येत्या गुरुवारी कागदपत्रं, शुक्रवारी मुलाखत.

महिपतीनं दिवस मोजले. गुरुवार आणि शुक्रवार म्हणजे ऐन भर. त्या दोन दिवसांत चार झाडं एकदम पिकणार होती.

"आनि न्हाई घेतलं मंग?" तो म्हणाला. "दोन दिस जांभळं मातीत, आनि वर हात हलवत परत. उल्हासनगरच्या कॉलेजात तर कदी बी घेतील."

"बाबा, चान्स तो है ना," संजीवनी म्हणाली.

"किती हाय? ते सांग."

ते तिला सांगता येईना. मग महिपतीलाच विष्णुपंत आठवले.

विष्णुपंत त्याच्याच कंपनीतून मोठे अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. बदलापूर पश्चिमेला बंगला. पोरांचे मार्क ऐकून कुणाला कुठं प्रवेश मिळेल ते सांगायचा त्यांना नाद होता, आणि हा नाद असा की अंबरनाथपासून शहाडपर्यंतचे आईबाप पोरांना घेऊन येत. पैसे घेत नसत. पंधरा वर्षांची वही होती. कुठल्या पोराला किती मार्क, कुठं अर्ज, पुढं काय झालं, सगळं त्यात. त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे, आणि हे त्यांना जरा जास्तच ठाऊक होतं.

रविवारी दुपारी तिघं गेली. दार उघडलं ते विष्णुपंतांच्या पत्नीनं, कुंदाबाईंनी. त्यांची नजर आधी तिघांच्या पायांवर गेली. धुऊन पुसून आलेले पाय, पण नखांच्या कडा आणि टाचांच्या भेगा जांभळ्याच होत्या. "एक मिनिट हं," म्हणून त्यांनी सोफ्यापुढं वर्तमानपत्र पसरलं. वाईट हेतू काही नव्हता, फरशी पांढरी होती. पण रखमाबाईनं बसल्यावर पाय मागं ओढून घेतले ते उठेपर्यंत तसेच ठेवले.

"लेखी कितीची?" विष्णुपंतांनी वही उघडत विचारलं.

"शंभर प्रश्न, शंभर मार्क," संजीवनी म्हणाली.

"उत्तरसूची आली असेल. ताडून पाहिलंस? किती होतात?"

संजीवनीनं खाली बघितलं. "साठ."

विष्णुपंतांनी पानं उलटली. बोटानं एकेक ओळ खाली खाली गेले. 

"हे बघ महिपती, मी गोड बोलत नाही, तुला माहीत आहे. या परीक्षेत साठच्या आसपासची माझ्याकडे अकरा मुलं होऊन गेली. आत गेला एक. त्याचं इंग्रजी फर्डं होतं. उल्हासनगरची कीर्ती म्हणून मुलगी होती, सहासष्ट होते तिला, तीही बाहेर राहिली. तेव्हा हिचा संभव मी विसात एक धरतो."

"विसात एक म्हंजे नायच," महिपती म्हणाला.

"व्यवहारात नाहीच. कामाचे दिवस असतील तर मी म्हणेन, नका पाठवू."

कुंदाबाईंनी चहा आणला. चहा चांगला होता, पण संजीवनीनं कप तसाच ठेवला.  परत येताना रिक्षात महिपतीला वाईट वाटत होतं आणि सुटल्यासारखंही वाटत होतं, आणि या दुसऱ्या वाटण्याची त्याला लाज वाटत होती.

सोमवारी पहाटे संजीवनी रोजच्यासारखी चढली.  तिच्या जागी दुसरी कुणी असती तर डोकं दुखतंय म्हणून पडून राहिली असती. हिनं उलट रोजच्यापेक्षा चार झोळ्या जास्त उतरवल्या. डोंगळे चावून मानेवर गांधी उठल्या होत्या, पायाचे तळवे सालीनं सोलले होते. रखमाबाई खालून बघत होती.

मंगळवारी सकाळी टेम्पोवाला राजू आला. तो गावोगावचा माल उचलून बाजारात पोचवायचा. आदल्या संध्याकाळी तो फोन करून किती पाट्या निघतील ते विचारून घ्यायचा, म्हणजे टेम्पोत तेवढी जागा ठेवता यायची. रखमाबाईनं बारा सांगितल्या होत्या. भरल्या पंधरा. तरी पंधराही पाट्या बरोबर बसल्या, एक बोट जागा उरली नाही.

"बारा बोल्ले व्हते तुला," रखमाबाई म्हणाली. "पंधराची जागा कशी काय ठिवलीस?"

राजू हसला. "मावशी, तुमच्या बाराचे पंधरा व्हतात हे मला आता म्हाइत झालंय. मी धरतोच तसे. नवीन मानूस आसंल तर फसंल."

टेम्पो गेला. रखमाबाई मात्र पानं हातात धरून तशीच उभी राहिली.

रखमाबाईच्या माहेरची ती रीत होती. झाडाखाली उभं राहून, फांद्यांवरून नजर फिरवून ती अचूक सांगू शकायची की आज किती पाट्या उतरतील. पण बोलताना पाचातली एक पाटी सोडून बोलायची. जे अजून झाडावर आहे त्याचं पुरं बोलायचं नाही; बोललं की दृष्ट लागते, वारा सुटतो, वटवाघळं येतात. संजीवनी या रीतीत वाढली होती. लहानपणी परीक्षेहून आल्यावर पेपर कसा गेला विचारलं, तर बरा म्हणायची आणि वर्गात पहिली यायची.

"संजे," रखमाबाईनं वर हाक मारली. "तू साहेबाला साठ बोल्लीस ते पाचातला एक सोडून बोल्लीस का ग?"

वर पानं हलायची थांबली. 

"मी इचारते काय?"

"आई, लिस्ट कुठं लागलीय अजून? झाडावरच हाय ना सगळं."

"खरं किती?"

 "पंचाहत्तर."

"आनि तिथं गप बसलीस? त्यो विसात एक बोल्ला तवा बी?"

"तोंडातून पुरे निघालेच नाय. आनि मंग कसं सांगू? सर बोल्ले असते, मघाशी खोटं बोल्ली."

रखमाबाईनं हातातली पानं पाटीत टाकली. रागवायचं कुणावर? पोरीनं आईचंच ऐकलं होतं. राजू टेम्पोवाल्याला वजाबाकी ठाऊक होती, म्हणून तो परत बेरीज करून घेत होता; विष्णुपंतांना काय ठाऊक? त्यांनी साठला साठच धरलं.

"उतर खाली," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. पेपर घे."

या खेपेला कुंदाबाईंनी वर्तमानपत्र पसरायच्या आधीच रखमाबाई आत गेली आणि उभ्यानंच सगळं सांगून मोकळी झाली. विष्णुपंतांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"पंधरा वर्षांत मी कुणाला चुकीचा अंदाज दिलेला नाही. आणि तुम्ही मला खोटा आकडा देऊन…"

"खोटा न्हवं साहेब. झाडावरचं पुरं बोलत नाय आमी. तुमी झाडाखाली आला आसता तं कळलं आसतं."

 विष्णुपंतांनी संजीवनीच्या हातातून प्रश्नपत्रिका घेतली. तिनं आपली उत्तरं पेन्सिलीनं त्यावर उतरवून आणली होती. कुंदाबाईंनी टॅबवर उत्तरसूची उघडून दिली आणि म्हातारा चष्मा कपाळावर चढवून कामाला लागला. शंभर प्रश्न, एकेक करून. तिघी उभ्याच. मध्ये एकदा ते म्हणाले, "अरे वा." पुढं आणखी एकदा.

शेवटी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "शहात्तर. सत्तेचाळिसावा प्रश्न बरोबर आहे, तू तो चुकलेल्यात का धरलास?"

"मला डाऊट होता, सर."

"डाऊट होता म्हणून तोही सोडलास!" विष्णुपंत एकदम हसले, आणि त्यांना हसताना बघून कुंदाबाईंनाही नवल वाटलं. त्यांनी वही ओढली, पान काढलं. "पंचाहत्तरच्या वर सहा मुलं. आत चार. तिनात दोन. रखमाबाई, चूक माझी आहे. मी पेपर बघायला मागायला हवा होता, नुसता आकडा विचारून मोकळा झालो. पाठवा हिला. जांभळं गेली तरी पाठवा." मग संजीवनीकडे बोट करून म्हणाले, "आणि तिथं पाचातला एक सोडायचा नाही. येतं का विचारलं, तर येतं म्हणायचं. कळलं?"

कुंदाबाईंनी रखमाबाईला हाताला धरून सोफ्यावर बसवलं. वर्तमानपत्राचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

बुधवारी अंधार पडेपर्यंत दोघींनी झाडं खाली केली, कच्ची गुलाबी जांभळंसुद्धा अधूनमधून तोडली. गुरुवारी पहाटे बाप आणि लेक कर्जतला जाऊन पुण्याच्या गाडीत बसली. महिपतीचा प्लास्टरचा हात ओढणीच्या झोळीत. पुण्याला हडपसरला त्याचा चुलतभाऊ होता, तिथं मुक्काम.

मागं रखमाबाई एकटी. झाडावर चढायचं तिचं वय नव्हतं आणि गुडघेही नव्हते. लांब आकडी घेऊन खालच्या फांद्या तेवढ्या ओढल्या. मान मागं टाकून टाकून संध्याकाळी तिला भाकरी थापताना खाली बघता येईना. शेंड्यावरची जांभळं टपाटप पडत होती, पडली की फुटत होती, आणि उतार सगळा जांभळा चिकट होऊन गेला होता. बनूबाई मदतीला आली, पण हातांपेक्षा तिचं तोंडच जास्त चाललं.

"दोन दिसांत किती गेली बग. काय मिळवलंस?"

"ते कळंल," रखमाबाई म्हणाली आणि आकडी उचलली. खांदे भरून आले होते तरी तिनं त्या दोन दिवसांत एकटीनं नऊ पाट्या उतरवल्या. या बाईचं कौतुक करायला त्या उतारावर बनूबाईशिवाय कुणी नव्हतं, आणि बनूबाई कौतुक करणारी नव्हती. म्हणून मीच इथं करतो.

शुक्रवारी संध्याकाळी दोघं परतली. संजीवनीनं चप्पल काढायच्या आत सांगायला सुरुवात केली.

"आई, तिघं होते. एक मॅडम, दोन सर. पहिलं माझे हातच बघितले. बोल्ले, हे काय? मी बोल्ले, जांभळं. तर मॅडम बोल्ल्या, झाडावर किती जांभळं आहेत हे न तोडता कसं सांगशील?"

"मंग?"

"मी बोल्ले, माझी एक पद्धत आहे आणि माझ्या आईची एक. मी चिठ्ठ्या टाकून दहा फांद्या निवडते, तेवढ्याच मोजते, आणि मग सगळ्या झाडाचा हिशोब लावते. दोन वर्षं करते. आई नुसती खाली उभी राहते आणि सांगते. तर सर बोल्ले, कोण जास्त बरोबर येतं? मी खरं सांगितलं. आई. मागच्या साली नऊ झाडांत मी चार वेळा चुकले, आई एकदाच."

रखमाबाईनं पदर तोंडाला लावला.

"आणि आई पाचातली एक पाटी कमी सांगते ते पण सांगितलं. माझे मार्क पण तसेच सांगितले होते ते पण. तिघं इतके हसले ना! मग ते दुसरे सर, जाडे, ते नाय हसले. ते बोल्ले, आई जर तुझ्यापेक्षा बरोबर येते तर तू इथं कशाला आलीस?"

"आता ग माझे बाई! काय बोल्लीस?"

"मी बोल्ले, सर, आई एकच आहे. झाडं किती आहेत."

महिपती कोपऱ्यात पाणी पीत होता. मुलाखतीच्या खोलीच्या दाराबाहेर बसलेला असूनही त्यानं ते सगळं ऐकलं होतं आणि परतीच्या गाडीत तीनदा परत सांगायला लावलं होतं. आता पाचव्यांदा ऐकूनही त्याचे डोळे भरले. "जाडा सर कायतरी लिहीत व्हता म्हने," तो म्हणाला. "कायतरी लिवलं त्यानं."

यादी पुढच्या सोमवारी लागणार होती. मधला आठवडा राहिलेली जांभळं उतरवण्यात गेला. शनिवारी शेवटचं झाड खाली झालं आणि दुपारी उल्हासनगरचा वासुमल शेठ दारात येऊन उभा राहिला. फळांचा व्यापारी; हंगाम संपला की दरवर्षी उतारावरच्या शेतकऱ्यांकडे फिरायचा आणि पुढच्या बहाराची झाडं उक्ती मागायचा. पैसे आधी, तोडणीची माणसं त्याची, मालकानं झाडाला हातही लावायचा नाही. लोक द्यायचे. रखमाबाई कधीच द्यायची नाही. भाड्याची माणसं फांद्या मोडतात, असं तिचं म्हणणं.

"रखमाबाई, हर साल ना बोलती हो," वासुमल म्हणाला. "मैं भी हर साल पूछता हूँ. आदत है."

"दोन सालं देते," रखमाबाई म्हणाली.

वासुमलनं खिशातला रुमाल काढून घाम पुसला. त्याला वाटलं, ऐकण्यात काही गफलत झाली. महिपती तर ओट्यावरून उठूनच उभा राहिला.

"अगं, यादी सोमवारी लागायची हाय."

"लागू दे की."

"न्हाई नाव आलं तं? पोरगी घरी, आनि झाडं दुसऱ्याची?"

रखमाबाईनं त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. वासुमलशी बोलून तिनं अटी घातल्या: फांदी छाटायची नाही, बुंध्याला खिळा मारायचा नाही, माणसं चढतील ती हलक्या वजनाची. भाव ठरला. वासुमलनं विसार तिच्या जांभळ्या हातावर ठेवला आणि तिचं मन बदलेल की काय अशा घाईनं निघून गेला.

संजीवनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं. तिचा चेहरा उतरला होता.

"आई, खरंच नसलं तर? लिस्टमध्ये?"

"नसलं तं पुढल्या साली परत परीक्षेला बस," रखमाबाई म्हणाली. "आनि त्या साली बी नसलं तं परत. दोन सालं तुला झाडावर चढायचं काम नाय. तेवढ्यासाठीच इकलीत."

 संजीवनी तिथंच उंबऱ्यावर बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. रखमाबाईनं तिला रडू दिलं, आणि रिकाम्या पाट्या एकात एक घालून माळ्यावर ठेवायला महिपतीच्या धड हातात दिल्या.